‘झाले’ आणि ‘झाले म्हणे’ : इतिहासाच्या प्रवेश-अर्जाची भाषा

इतिहासाच्या पदवीसाठी प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हा विषय आपण का निवडला?’ असे सर्वत्र विचारले जातेच असे नाही. शिरूर वा दौंड येथील विद्यार्थ्याने आपल्याच भागातील महाविद्यालयात नाव घालावयाचे ठरविले, तर बारावीची गुणपत्रिका बहुधा पुरेशी होते. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठाकडे जावयाचे, तर २०२२ पासून सामाईक प्रवेश-परीक्षा द्यावी लागते. तीत इतिहासाची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. परंतु तेथे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते, स्वतःचे एक वाक्यही लिहावयाचे नसते. तो प्रसंग येतो प्रामुख्याने परदेशी विद्यापीठांच्या अर्जात. ब्रिटनमधील पदवी-प्रवेशाचे अर्ज ‘यूकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २०२६ च्या प्रवेशापासून तिने पूर्वीच्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत : विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरचिन्हांत, मधल्या मोकळ्या जागा धरून, बसवावी लागतात. आणि मराठी विद्यार्थ्याला ती इंग्रजीतच लिहावी लागतात.

प्रस्तुत टिपणाचा विषय ही शेवटची अट हा आहे. मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी असे निवेदन मनात मराठीतच रचतो व मग त्याचे भाषांतर करतो. व्याकरणाच्या चुका कोणीही दुरुस्त करून देईल. या वाटेत जे निसटते ते मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मराठीत ‘म्हणे’ हे एक विलक्षण अव्यय आहे. मूळचे ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच रूप. परंतु ‘खते जाळली म्हणे’ या वाक्यात त्याला कर्ता उरलेला नाही आणि लिंगवचनाचा विकारही होत नाही. वक्ता एवढेच सुचवितो की, ही गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, खरेखोटे सांगणाराकडे. इंग्रजीत हे सांगावयाचे तर वेगळे उपवाक्य जोडावे लागते. शब्दमर्यादेच्या भयाने विद्यार्थी ते गाळतो, आणि ‘झाले म्हणे’ याचे नुसते ‘झाले’ होते. घरी इतके सावधपणे बोलणारा मुलगा अर्जात भाबडा ठरतो. आणि इतिहासाचा प्राध्यापक अर्ज वाचताना नेमकी तीच सावधता शोधीत असतो. ‘जाळण्यात आली’ ही आपल्या सरकारी मराठीची लाडकी रचना याहून घातक होय. ‘म्हणे’ निदान ऐकीवपणाची कबुली देते. ही रचना तर जाळणारालाच वाक्यातून घालवून देते.

दौंड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थिनीने १८७५ च्या दंग्यांवर लिहावयाचे मनात आणले असे समजू. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या व कर्जखते मागितली, ती जाळली आणि धान्याची दुकाने लुटली. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेशही त्याच तालुक्यात मोडत असे. या घटनेची आपली माहिती मुख्यतः सरकारी चौकशी-आयोगाच्या अहवालावर उभी आहे. तो १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. रयत बोलली मराठीत, अहवाल छापला गेला इंग्रजीत. त्या वाटेवर किती ‘म्हणे’ गळाले असतील, ही शंका अर्जात एका वाक्यात मांडता येते, आणि वैभवशाली परंपरेच्या दहा वाक्यांपेक्षा ती अधिक मोलाची आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असे प्रतिपादन केले. ते मत पटलेच पाहिजे असे नाही; का पटत नाही, हे मात्र लिहिता आले पाहिजे.

याच प्रकरणाचा आरंभ शिरूर तालुक्यातील करडे येथे १८७४ च्या अखेरीस झाला असे सांगतात. तेथे एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला, आणि गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. आज याला सर्रास ‘बॉयकॉट’ म्हटले जाते. वस्तुतः हा शब्द आयर्लंडमधील कॅप्टन बॉयकॉट याच्या प्रकरणावरून १८८० मध्ये प्रचारात आला. म्हणजे करड्याच्या गावकऱ्यांनी, किंवा त्यांची चौकशी करणाऱ्यांनीही, तो वापरणे शक्य नव्हते. आपला ‘बहिष्कार’ त्याहून जुना, पण त्याला जातीबाहेर टाकण्याचा वास आहे. नंतरचा शब्द आधीच्या घटनेला चिकटविला की घटनेचा अर्थही किंचित हलतो. ज्या अर्जदाराला हे दिसले, त्याची पहिल्या प्रश्नाची निम्मी तयारी झाली.

शिरूर तालुक्यातीलच इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली पुरलेली मुले सापडली. मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवीत. तेथे लेख नाही, म्हणून ‘म्हणे’ नाही. ते लोक कोणती भाषा बोलत हे खापरे सांगत नाहीत, आणि ‘इनाम’ हा अरबी शब्द त्या जागेला चिकटला तो फार नंतर. भीमा कोरेगावविषयी लिहू इच्छिणाराने १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथील स्तंभाला दिलेल्या भेटीनंतर तिच्या स्मृतीला आलेला अर्थ, हे दोन स्वतंत्र विषय मानावेत. दोन्हींची साधने वेगळी आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इतरांहून सोपे जावे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर बहुतांशी मोडी लिपीत आहे, आणि मोडी काही महिन्यांच्या अभ्यासाने वाचता येऊ लागते. तथापि ‘मी मोडी शिकलो’ एवढे लिहून भागत नाही. कोणता कागद वाचला, त्यात कोणते अक्षर अडले, आणि ते लागल्यावर वाक्याचा अर्थ कसा बदलला, हे लिहावे.