सावकाश प्रवास आणि आपला मुलूख



श्रावणातला सोमवार आला की आमच्या हट्ट्याहून माणसे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघतात. पहाटे जीपमध्ये बसायचे, रांगेत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे, आणि दुपारच्या भाकरीला घरी परत. वाटेत काय पाहिले म्हणून विचारले, तर उत्तर येते, "पाहायचं काय त्यात? दर्शन झालं." यात चूक काही नाही. दर्शनाचे पुण्य पदरी पडलेच. परंतु याला प्रवास म्हणावे काय, असा प्रश्न मला पडतो. प्रवासाची दुसरीही एक रीत आहे. ती सावकाशीची रीत आहे, आणि आज तिच्याविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

ही रीत आपल्याला नवी मुळीच नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या हिंगोली आणि परभणी जिल्ह्यांतून पायी पंढरपूरला जाते. जायलाच महिनाभर लागतो. रेल्वेने एका रात्रीत पोचता येत असताना माणसे महिनाभर का चालतात? कारण चालणाऱ्याला मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम केला की गाव भेटते. कोणी भाकरी आणून देते, कोणी वाटेतल्या देवाची गोष्ट सांगते, कोणी नवा अभंग शिकवून जाते.

आणि नामदेव महाराज? कयाधूच्या काठचे नर्सी हे परंपरेने त्यांचे जन्मगाव. तिथून निघालेला हा पुरुष पंजाबपर्यंत गेला आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे दीर्घकाळ राहिला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आता विचार करा. घाईने जाऊन घाईने परतणाऱ्याला परक्या मुलखाच्या बोलीत पद रचता आले असते का? त्या लोकांत राहावे लागते, त्यांच्या ओट्यावर बसावे लागते, त्यांचे ऐकावे लागते.

तेव्हा आपणही एकदा असेच निघून पाहू. लांब जायला नको. हट्ट्यापासूनच सुरुवात करू.

गावात जुनी दगडी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत जायची विहीर, हे आपण जाणताच. तिच्याजवळून आपण रोज जातो, म्हणूनच ती आपल्याला दिसत नाही. एक दिवस मुद्दाम पायरीवर बसा. पायऱ्या मोजा. देवळ्या कुठे आहेत, दगडावर दगड कसा बसविला आहे, ते पाहा. मग गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा की पूर्वी इथे पाणी भरायला कोण येई, कोणाला येऊ देत नसत, आणि दुष्काळात पाणी कुठवर खाली जाई. दगडाची माहिती पुस्तकात मिळेल. पाण्याची माहिती मात्र तिच्याकडेच आहे. ती सगळीच सुखाची असेल असे नाही, पण खरी असेल.

पुढे निघालो की शिवारात हळद दिसते. पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी वसमतकडच्या जमिनीला पाणी मिळाले, आणि हळद इथे चांगली रुजली. २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. माघ-फाल्गुनात कधी एखाद्या आखाड्यावर थांबून पाहा. काढलेले कंद शिजवायला टाकलेले असतात. पूर्वी हे काम मोठ्या कढईत होई, आता वाफेच्या यंत्रात होते. हळद शिजली हे कसे ओळखायचे? काडी टोचून पाहतात. ती सहज आत गेली की झाले. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. हळकुंड मोडताना कडकन आवाज आला म्हणजे ते वाळले. नंतर ढोलात घालून घासले की त्याला पिवळी झळाळी येते आणि माल मोंढ्यावर जातो. हे ज्ञान बोटांत आणि कानांत असते. ते ऐकायला अर्धा तास थांबावे लागते, एवढेच.

आता मी 'आखाडा' म्हटले, 'मोंढा' म्हटले. पुण्याकडच्या माणसाला आखाडा म्हणजे कुस्तीचा हौद वाटेल. आपल्याकडे तो शेतातला निवारा. मोंढा हा शब्द तर तिकडे सांगूनच समजवावा लागतो. भाषा वाटेवाटेने बदलते ती अशी, आणि हा बदल वेगाने जाणाऱ्याच्या कानी पडत नाही.

औंढ्याला पोचल्यावरही घाई करू नका. अरुंद पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जावे, दर्शन घ्यावे, आणि मग बाहेरून देऊळ एकदा सावकाश फिरून पाहावे. खालच्या भागावर दगडी कोरीवकाम दिसेल, वरचे बांधकाम नंतरच्या काळातले. नंदी देवळाच्या मागे का, असे पुजाऱ्याला विचारा. नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला जायला सांगितले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा तो सांगेल. कथा खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. देव कोणाच्या बाजूला तोंड करतो, याविषयी इथल्या साध्या माणसांनी शतकानुशतके काय मानले, ते त्या कथेत आहे.

शिक्षक मित्रांना आता थोडे वेगळे सांगायचे आहे. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचा लहानसा देश आहे. दीर्घकाळच्या इंग्रजी सत्तेत त्याची स्वतःची भाषा मागे पडली होती. स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने १९३५ साली लोकपरंपरा जमविण्यासाठी एक आयोग नेमला. पुढे १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी आपापल्या घरच्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून गोष्टी, म्हणी, औषधे, खेळ, विहिरींच्या कथा लिहून काढल्या. सुमारे ७ लाख ४० हजार पाने भरली! ती आजही डब्लिनच्या विद्यापीठात जपलेली आहेत. हे काम मोठ्या पंडितांनी केले नाही. ते शाळकरी मुलांनी केले आणि शिक्षकांनी करवून घेतले.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गिरणी आली आणि जाते थांबले. जाते थांबले तशी ओवीही थांबू लागली. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु त्या कष्टात त्यांनी रचलेले शब्दही जावेत, असे कोणीच म्हणणार नाही.

हे मी अगदी पोटतिडकीने सांगतो, कारण चूक माझ्याही घरात झाली आहे. माझ्या आजीला ओव्या पुष्कळ येत. मी एम. ए. झालो, दुसऱ्यांच्या कवितांवर वह्या भरल्या. आजी गेली त्या दिवशी ध्यानात आले, की तिची एकही ओवी आमच्यापैकी कोणी लिहून ठेवलेली नाही. आईला दोन आठवतात, त्याही अर्ध्या.

म्हणून गुरुजनहो, या दिवाळीच्या सुटीत मुलांना एवढेच काम द्या. प्रत्येकाने एका वृद्धाजवळ दोन तास बसावे. आधी परवानगी घ्यावी. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहावी. शब्द जसा बोलला तसाच लिहावा. 'शुद्ध' करू नये. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे, आणि वही शाळेच्या कपाटात जपावी. मोबाइलवर आवाज घेता आला तर उत्तमच, पण वही हवीच.

आणि आपण सारे, पुढच्या वेळी औंढ्याला निघालात की एक तास आधी निघा. वाटेत एका ठिकाणी उतरा. रामराम घाला, बसा, आणि ऐका. देव काही कुठे जात नाही. सांगणारी माणसे मात्र जातात, बरं का.