चित्रकाराचे गाव आणि गावाची किंमत

एखाद्या गावावर जीव जडावा आणि तेथे पुनःपुन्हा जावेसे वाटावे, यात असामान्य असे काही नाही. परंतु जाणारा माणूस चित्रकार असेल, त्याने ते गाव रंगवून जगापुढे मांडले असेल आणि त्या चित्रांच्या पुण्याईवर गावाचा भाव वाढत गेला असेल, तर त्या पुनर्भेटीला निराळाच अर्थ प्राप्त होतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे आणि न्यूयॉर्कचा चित्रकार जॉन स्लोन यांचे नाते या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

स्लोनचा जन्म १८७१ चा. न्यूयॉर्कमधील गल्ल्याबोळ, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, खानावळी आणि तेथील कष्टकरी माणसे हा त्याच्या चित्रांचा विषय. अशा विषयांमुळे त्याच्या संप्रदायाला ‘राखेच्या डब्याचा संप्रदाय’ असे हिणकस नाव पडले व तेच पुढे रूढ झाले. तो काही काळ समाजवादी पक्षाचा सभासद होता आणि ‘द मासेस’ या जहाल नियतकालिकाची चित्रविषयक बाजू सांभाळीत होता. आपला मित्र व गुरू रॉबर्ट हेन्री याच्या आग्रहावरून १९१९ च्या उन्हाळ्यात तो एका सहकारी चित्रकाराबरोबर जुन्या मोटारीतून सांता फेला पोहोचला. पुढच्याच वर्षी त्याने तेथे घर घेतले. तेव्हापासून १९५० पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत, जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात तो त्या गावी परतत राहिला. न्यूयॉर्क त्याने सोडले नाही. पण सांता फेही त्याला सुटले नाही.

सुमारे सात हजार फूट उंचीवरचे हे गाव. कोरडी हवा, स्वच्छ प्रकाश, तांबूस डोंगर आणि मातीच्या कच्च्या विटांची बसकी घरे, एवढे भांडवल कोणत्याही चित्रकाराला पुरेसे होते. स्लोनला मात्र निसर्गाहून माणसांची ओढ अधिक. गावच्या चौकातील बँडचे वादन, रात्रीच्या जत्रेतील पाळण्यांचे दिवे, स्पॅनिश भाषिक कॅथलिक लोकांच्या मिरवणुका आणि जवळच्या टेसुके येथील प्वेब्लो आदिवासींचे गरुडनृत्य त्याने रंगविले. महानगरातील गल्लीकडे ज्या आस्थेने तो पाही, तीच आस्था त्याने येथे आणली.

दारिद्र्यावर उभी राहिलेली कला

हे गाव चित्रकारांना कसे सापडले, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात जितके आहे तितकेच अर्थशास्त्रात आहे. सांता फे ही स्पॅनिश अमलात सतराव्या शतकाच्या आरंभी वसलेली राजधानी. पुढे मिसुरीकडून येणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेचे ते शेवटचे ठाणे झाले. परंतु १८८० मध्ये रेल्वे आली तेव्हा चढणीच्या अडचणीमुळे तिचा मुख्य मार्ग गावाला टाळून गेला. गंमत अशी की, त्या रेल्वे कंपनीच्या नावात सांता फे हे नाव होते आणि सांता फे गावाच्या वाट्याला मात्र एक फाटा तेवढा आला! व्यापार अल्बुकर्कीकडे वळला. १९१० साली गावाची वस्ती जेमतेम पाच हजार होती. तीस वर्षांपूर्वी ती याहून अधिक होती.

न्यू मेक्सिकोला १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी गावाच्या धुरीणांनी एक नगररचना आराखडा तयार केला व त्यात एक विलक्षण निर्णय घेतला. बाकीची अमेरिका नवेपणाच्या मागे धावत असताना या गावाने जुने दिसण्याचे ठरविले. उद्योग नाही, शेती बेताची, तेव्हा जुनेपण हेच भांडवल, असा तो हिशेब होता. १९१७ मध्ये मातीच्या जुन्या मिशन-चर्चच्या धर्तीवर कलासंग्रहालयाची इमारत उभी राहिली. तेथे कोणाही चित्रकाराला आपली चित्रे टांगता येत असत आणि बाहेरून येणाऱ्या चित्रकारांना काम करण्यासाठी विनामूल्य जागा दिली जाई. सार्वजनिक संस्थेने दिलेली ही सवलत म्हणजे आजच्या भाषेत अनुदानच होते.

चित्रकार आले ते या कारणांनी. काही क्षयरोगावर उतार पडावा म्हणून आले, काही महायुद्धात झालेल्या इजा घेऊन आले, आणि बहुतेक सारे गरीब होते. १९२१ मध्ये पाच तरुण चित्रकारांनी एकत्र येऊन आपला गट स्थापन केला आणि गावाच्या कडेला स्वतःच्या हातांनी मातीची घरे बांधली. ‘मातीच्या खोपटांतले पाच वेडे’ अशी त्यांची थट्टा होई. त्यांच्यापैकी विल शूस्टर हा तर स्लोनचा मित्र व शिष्य. रंगांच्या नळ्यांना मोजून पैसे असत, पण डोक्यावरच्या छपराची चिंता नसे.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. चित्रकाराला जी स्वस्ताई लाभली, ती स्थानिक माणसाच्या बेकारीची दुसरी बाजू होती. घर स्वस्त होते, कारण ते विकणाऱ्याजवळ दुसरे विकण्यासारखे काही नव्हते.

पाहुण्याचे पाहुणे

स्लोन हा भाबडा प्रवासी नव्हता. १९२६ मध्ये रेल्वे आणि तिच्याशी संबंधित हॉटेल-व्यावसायिक कंपनीने प्रवाशांना मोटारींतून आदिवासी गावे दाखविण्याच्या सहली सुरू केल्या. दुसऱ्याच वर्षी स्लोनने त्यावर एक मार्मिक अम्लरेखन केले. नृत्य चालले आहे, सभोवार सहलीच्या गाड्यांचे कडे पडले आहे, गर्दी आपापसात गप्पांत दंग आहे आणि नर्तक त्या साऱ्यात इवलेसे दिसत आहेत. ज्यांच्यासाठी हे पावित्र्य आहे ते चित्राच्या मध्यभागी असूनही उपरे वाटतात.

हा टोला प्रवाशांना होता. पण तो काही अंशी चित्रकारालाही लागू होता. त्या गाड्यांत बसलेल्यांपैकी कित्येकांनी हा प्रदेश प्रथम पाहिला होता तो चित्रांतूनच.

चित्रकारांनी या ऋणाची काहीच परतफेड केली नाही असे मात्र नव्हे. प्वेब्लोंच्या जमिनींवर बसलेल्या बाहेरच्या लोकांचे दावे कायदेशीर ठरवू पाहणारे एक विधेयक १९२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे आले. तेव्हा प्वेब्लो जमाती एकत्र येऊन त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि सांता फे व टाओस येथील चित्रकार-लेखकांनी त्यांच्या बाजूने देशभर आवाज उठविला. ते विधेयक बारगळले. स्वतः स्लोनने १९३१ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या आदिवासी कलांच्या मोठ्या प्रदर्शनाची धुरा वाहिली. मडकी, विणकाम व रंगकाम ही कुतूहलाची वस्तू नसून कला आहे, हे त्याला ठसवावयाचे होते.

खंड कोणाचा?

रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत शिकताना विद्यार्थी सुपीक व नापीक जमिनीचे उदाहरण पाठ करतात. परंतु जमिनीची किंमत केवळ मातीच्या कसावर ठरत नाही. भोवतालचा समाज जे निर्माण करतो त्यावरही ती ठरते. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात नेमके हेच सांगितले होते. कीर्ती ही अशीच सामाजिक निर्मिती आहे. चित्रकाराने चित्र विकले तर त्याला चित्राचे पैसे मिळतात. त्या चित्राने गावाला जी कीर्ती मिळवून दिली तिचे मोल मात्र जमीनमालकाच्या खिशात जाते. चित्रकार भाडेकरू असेल तर स्वतःच्या कर्तृत्वाने वाढलेले भाडे त्यालाच भरावे लागते!

सांता फेत हेच घडले. १९५७ मध्ये शहराने कायदा करून जुन्या भागातील इमारतींचे पारंपरिक रूप बंधनकारक केले. हेतू स्तुत्य होता, आणि गावाचा चेहरा त्यामुळे वाचला हे नाकारता येणार नाही. परंतु कायद्याने भिंतींचा रंग व आकार राखला, भिंतींआडची माणसे राखली नाहीत. पूर्वी मातीच्या भिंती दरवर्षी लिंपाव्या लागत आणि ते काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. आज कित्येक ठिकाणी आधुनिक बांधकामावर मातकट रंगाचा सिमेंटचा गिलावा असतो. एके काळी साध्या स्पॅनिश भाषिक कुटुंबांची राहती घरे असलेला कॅन्यन रोड दुतर्फा कलादालनांनी भरला आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सत्याऐंशी हजारांवर गेली. पण तेथील शिक्षकाला, परिचारिकेला किंवा हॉटेलातील कामगाराला जुन्या भागात घर घेणे आवाक्याबाहेरचे झाले आहे.

यावर कोणी विचारील की, मग गाव दरिद्रीच राहावयास हवे होते काय? ज्या कुटुंबाने घर विकले त्याला चांगली किंमत मिळाली, त्यात वाईट काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. विकणाऱ्याला किंमत एकदाच मिळते. वाढीचा लाभ पुढे पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्याकडे राहतो. शिवाय ज्याच्याजवळ विकावयास घरच नव्हते त्या भाडेकरूला त्या समृद्धीतून मिळते ती केवळ वाढीव भाड्याची पावती. प्रश्न समृद्धी नको असा नसून, सर्वांनी मिळून निर्माण केलेल्या मूल्यात सर्वांचा वाटा कसा राहील असा आहे.

त्या दृष्टीने गावात काही प्रयत्नही झाले आहेत. जुन्या गव्हर्नर-वाड्याच्या ओसरीवर आदिवासी कारागीर आपल्या वा आपल्या कुटुंबाने घडविलेल्या वस्तू मांडून बसतात. इतरांना तेथे विक्री करता येत नाही. या नियमाला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण १९७९ मध्ये तो वैध ठरला. शहरातील सर्वांत मोक्याची ती जागा बाजारभावाने दिली गेली असती, तर तेथे एकही कुंभारीण दिसली नसती. २००३ मध्ये शहराने किमान वेतनाचा ठराव करून दर ताशी साडेआठ डॉलर ठरविला; केंद्राचा दर तेव्हा सव्वापाच डॉलरहूनही कमी होता. २०२३ मध्ये मतदारांनी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीच्या घरांच्या विक्रीवर, त्या मर्यादेवरील रकमेपुरता, तीन टक्के कर लावून तो पैसा परवडणाऱ्या घरांसाठी खर्चण्यास कौल दिला. त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. अनर्जित वाढीचा थोडासा अंश समाजाकडे वळविण्याचा प्रयत्न कोठेही सुखासुखी पार पडत नाही, हेच त्यातून दिसते.

स्लोन आज पुन्हा त्या गावी आला, तर चौक त्याला ओळखता येईल, डोंगर ओळखता येतील, संध्याकाळचा तो तांबूस प्रकाशही तोच असेल. त्याचे स्वतःचे चित्र त्याला संग्रहालयाच्या भिंतीवर सन्मानाने लावलेले दिसेल. परंतु जुन्या मोटारीतून आलेल्या, खिसा हलका असलेल्या आजच्या तरुण चित्रकाराला पुढच्या वर्षी तेथे घर घेता येईल काय? आणि ज्यांच्या मिरवणुका त्याने रंगविल्या त्यांची नातवंडे त्या मिरवणुकीच्या वाटेवर राहत असतील काय? गावावर प्रेम करणारा पाहुणा परत येतो तेव्हा त्याने प्रकाशाबरोबर या प्रश्नांकडेही पाहावयास हवे. ज्या गावी मूळच्या माणसांनाच परतणे परवडत नाही, त्या गावाची चित्रे कितीही किमतीला विकली गेली, तरी त्या व्यवहारात तोटा कोणाला झाला हे हिशेबाच्या वहीत लिहिले जाणे आवश्यक आहे.