इंजिनाची अलाइनमेंट: शेवटचे माप पाण्यात

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकण किनाऱ्यावरच्या नौका वर ओढल्या जातात आणि वर्षभर पुढे ढकललेली दुरुस्ती सुरू होते. ओव्हरहॉल होऊन आलेले इंजिन बेडवर उतरवले, बोल्ट आवळले, की मालकाला हायसे वाटते. पण इंजिन बसवणे वेगळे आणि त्याची अलाइनमेंट करणे वेगळे. ही अलाइनमेंट घाईत उरकली, तर गिअर बॉक्सचे सील गळू लागते, शाफ्टचे रबर बेअरिंग एकाच बाजूने झिजते, ग्लँड कितीही आवळला तरी पाणी येत राहते. ताण फार असेल तर भर समुद्रात शाफ्ट कपलिंगजवळ तुटतो.

शाफ्टची रेषा बोट बांधतानाच ठरलेली असते. पंख्यापासून निघालेला शाफ्ट मागच्या ट्यूबमधून आणि रबर बेअरिंगमधून आत येतो, ग्लँड ओलांडतो आणि कपलिंगपाशी गिअर बॉक्सला भेटतो. त्या ट्यूबला हलवता येत नाही. तेव्हा हलायचे ते इंजिनाने, शाफ्टाने नव्हे. मोठा सब्बल घालून शाफ्ट ओढून आणायचा आणि बोल्टांनी दोन्ही तोंडे जबरदस्तीने मिटवायची, ही पद्धत मी अजिबात मान्य करणार नाही. तसे केल्याने चूक दिसेनाशी होते, ताण मात्र बेअरिंगांवर कायमचा राहतो.

कपलिंग सोडवले की शाफ्टचे आतले टोक स्वतःच्या आणि कपलिंगच्या वजनाने खाली झुकते. त्या झुकलेल्या टोकाला इंजिन जुळवले तर सगळेच माप खाली जाते. म्हणून ग्लँडची डोरी सैल करून टोक हाताने वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचे, दोन्ही टोकांचा मध्य काढायचा आणि तिथे लाकडी टेकू द्यायचा. बहुतेक कपलिंगांत एका तोंडावर मधोमध गोल उंचवटा असतो आणि दुसऱ्यावर त्याच मापाची खाच. शाफ्ट हाताने पुढे सरकवल्यावर उंचवटा न अडता खाचेत गेला पाहिजे. अडला, तर इंजिन आधी उंचीला आणि बाजूला जुळवावे. तोपर्यंत फिलर गेज पेटीतच राहू द्यावा.

मग दोन्ही तोंडे जवळजवळ टेकवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फट मोजायची. तोंडाच्या दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटर फरक चालतो. म्हणजे १५० मिलिमीटरच्या कपलिंगात सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फट यांत ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. लगेच पाने उचलू नयेत. आधी शाफ्टचे तोंड पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे. मोठी फट तोंडाबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंग तिरके बसले आहे. अशा वेळी शाफ्ट लेथवर न्यावा लागतो, इंजिन हलवून काही साधत नाही. फट आहे त्याच जागी राहिली, तर दोष इंजिनाच्या बैठकीत आहे.

फट खालच्या बाजूला मोठी असेल तर इंजिनाचे पुढचे टोक उंच झाले आहे, ते उतरवायचे. वर मोठी असेल तर पुढचे टोक उचलायचे. किती, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या-मागच्या पायांत ९०० मिलिमीटर अंतर आणि कपलिंग १५० मिलिमीटरचे असेल, तर पुढचे पाय ०.६ मिलिमीटर हलवल्यावर फट ०.१ मिलिमीटरने बदलते. असे केल्याने मधला उंचवटाही थोडा सरकतो, म्हणून तो पुन्हा तपासावा. चारही पायांवर भार सारखा हवा. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवरच इंजिन टेकले असेल, तर माप बरोबर येऊनही थरथर राहते. शिवाय प्रत्येक नट आवळल्यावर माप हलते, तेव्हा पूर्ण आवळून झाल्यावर परत मोजणे भागच असते.

पण किनाऱ्यावर घेतलेले हे माप कच्चेच. वर ओढलेली बोट तळच्या ठोकळ्यांवर टेकलेली असते. पाण्यात तिला सगळीकडून आधार मिळतो आणि आकार किंचित बदलतो. लाकडी बोटीच्या फळ्या तर पाणी पिऊन फुगतात. म्हणून बोट उतरवण्याआधी कपलिंगचे बोल्ट काढावेत, शाफ्ट मागे सरकणार नाही अशी तजवीज करावी, आणि बोट दोन-तीन दिवस पाण्यात राहू द्यावी. नेहमीएवढे डिझेल भरून मगच शेवटचे माप घ्यावे. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीची घाई सगळ्यांनाच असते, आणि नेमके हेच काम तिच्यात राहून जाते.

लवचीक कपलिंग बसवले की थोडे वाकडे चालते, असा एक समज आहे. ते कपलिंग थरथर आणि झटके सोसण्यासाठी असते. त्याचे रबर घालण्याआधी तोंडे वरच्याच मापात जुळवायला हवीत.

नवीन रबर माउंटिंग पहिल्या काही फेऱ्यांत दबते, त्यामुळे तेवढ्या काळाने मापे पुन्हा घ्यावीत आणि चारही आकडे तारखेसह तांडेलाच्या वहीत लिहावेत. पुढच्या पावसाळ्यात फट कुठल्या बाजूला वाढली ते त्या आकड्यांवरून कळते, आणि कोणत्या बाजूची रबरे आधी तपासायची तेही.