गोळी बदलताना तारीख लिहा

मन आणि औषध : लेखांक ७

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे का लागतात, हे मागच्या लेखात पाहिलं. पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे घेऊनही गोळी लागू पडली नाही, किंवा ती मानवतच नसेल, तर डॉक्टर ती बदलतात. अशी वेळ अनेकांवर येते. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या गोळीनं सुमारे एकतृतीयांश रुग्णांचं नैराश्य पूर्ण ओसरलं. ज्यांनी ती सोडून दुसरी घेतली, त्यांच्यापैकी साधारण चौथ्या हिश्शाला दुसरीनं तसा आराम दिला. तेव्हा गोळी बदलली म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, असं मानायचं कारण नाही.

अवघड असतात ते बदलाचे आठवडे. ‘नवी गोळी सोसत नाही’ म्हणून रुग्ण याच काळात सगळंच सोडून देतो. पण या दिवसांतला प्रत्येक त्रास नव्या गोळीचा नसतो. त्याची कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण, जुनी गोळी सुटणं. मात्रा कमी झाल्यावर किंवा गोळी थांबल्यावर बहुधा दोन-चार दिवसांत हा त्रास सुरू होतो. गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो, चिडचिड होते, रात्री भलतीच स्वप्नं पडतात. डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, असंही रुग्ण सांगतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्या सोडताना हे जास्त जाणवतं. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, म्हणून तिथे कमी. याला घरचे ‘गोळीची सवय लागली’ म्हणतात, पण दारूसारखी तलफ इथे नसते. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत निवळतो, काहींचा महिनोन् महिने टिकतो. उपाय एकच : मात्रा आणखी सावकाश उतरवणं, तेही डॉक्टरांना विचारून.

दुसरं कारण, नवी गोळी. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, झोप उडणं किंवा गुंगी हे पहिल्या एक-दोन आठवड्यांतले पाहुणे. सर्ट्रालिननं पोट बिघडू शकतं, मिर्टाझॅपिननं झोप आणि भूक दोन्ही वाढतात. पोटात ढवळत असेल तर गोळी पेजेवर किंवा जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. कामेच्छा कमी होण्याची तक्रार मात्र आपोआप जाईलच असं नाही. संकोचापायी अनेकजण ती बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. ती सांगितली तर त्यावर मार्ग निघतो.

तिसरं कारण, मूळ आजार पुन्हा डोकं वर काढणं. हा बहुधा हळूहळू, काही आठवड्यांत येतो. पहाटे जाग येते, मन जड होतं, कशात रस वाटत नाही. करंट आणि गरगर ही त्याची खूण नव्हे.

तिन्हींमधला फरक ओळखायला सर्वांत उपयोगी पडते ती तारीख. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज एवढंच लिहा : कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, त्रास कोणता, झोप किती. ‘बरं वाटत नाही’ या वाक्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. ‘सोमवारी मात्रा निम्मी केली, बुधवारपासून गरगरतंय’ यावरून पुष्कळ कळतं.

गोळी बदलण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. कधी आज एक थांबवून उद्या दुसरी देतात, कधी जुनी उतरवत नवी चढवतात, कधी मध्ये मोकळे दिवस ठेवतात. ट्रॅनिलसायप्रोमिनसारख्या जुन्या गटातल्या गोळीनंतर दोन आठवडे थांबावं लागतं. फ्लुओक्सेटिननंतर ती द्यायची असेल तर पाच आठवडे. शेजारणीला जी रीत सांगितली ती तुम्हाला लागू पडेलच असं नाही. दोन गोळ्यांचा चुकीचा मेळ बसला तर शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति वाढतं. वेदनेवरचं ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्यात भर घालतं. म्हणून खोकल्याची बाटली घेतानाही दुकानदाराला चालू गोळी दाखवा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात एक अडचण नेहमीची आहे. उपचार मुंबईत सुरू होतात आणि माणूस गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतो. पाकीट संपतं, गावात तीच कंपनी मिळत नाही. कधी मुंबईची आणि रत्नागिरीची अशी दोन वेगळ्या नावांची पाकिटं घरात येतात आणि आत औषध एकच असतं. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, बारीक अक्षरातलं औषधाचं. ते बारीक नाव वाचा. प्रवासाला आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा. गरगर असेपर्यंत माडावर किंवा कलमावर चढू नका, होडीवर जाऊ नका, दुचाकी चालवू नका. घरातल्या वृद्धांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि ते गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. नैराश्याच्या गोळ्यांनी ते घसरू शकतं.

काही लक्षणांत थांबू नये. ताप, थरथर, झटके, अंग ताठणं आणि भ्रम एकत्र दिसले, तर तडक रुग्णालयात जा. झोप न घेताही उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, हेही त्याच दिवशी कळवा. मरणाचे विचार वाढले तर माणसाला एकटं सोडू नका. पंचविशीच्या आतल्या तरुणांवर पहिल्या काही आठवड्यांत विशेष लक्ष हवं.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. दवाखाना लांब असेल, पाऊस असेल, रात्र असेल, तरी हा फोन लागतो. गोळी स्वतःहून थांबवण्याआधी एकदा विचारा, आणि विचारताना तारखांची नोंद हाताशी ठेवा.