कचऱ्याच्या हिस्सेदार

पुण्यातील ज्या इमारतीत मी गेली अकरा वर्षे राहतो, तिच्या मागील अंगास, वाहने उभी करण्याच्या जागेच्या कोपऱ्यात, रोज सकाळी नवाच्या सुमारास दोन स्त्रिया आमच्या आदल्या दिवसाचा निवाडा करीत बसलेल्या असतात. इतकी वर्षे जिन्यावरून ओझरते पाहिलेले ते काम एकदा शेजारी बसून पाहावे, असे गेल्या पावसाळ्यानंतर मनात आले, तेव्हा त्या दोघींतील वडील बाईंनी माझ्याकडे किंचित संशयाने पाहून, "बसा की दादा, पर नाक दाबून बसू नगा," एवढ्या एकाच अटीवर परवानगी दिली.

कामाचा आरंभ वरच्या मजल्यावरून होतो. दोघी दोन बादल्या घेऊन दारोदार उतरत येतात. एकीत ओले, दुसरीत सुके. ज्या घरांनी हा भेद पाळला आहे तेथे त्यांना क्षणभरही थांबावे लागत नाही. परंतु भाजीची देठे, वहीची पाने आणि फुटलेला पेला एकाच पिशवीत कोंबून वर पक्की गाठ मारणारी सुशिक्षित कुटुंबेही थोडी नाहीत, आणि ती गाठ सोडणे व आतील काच बोटाला लागू न देणे हे काम अर्थातच गाठ मारणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे हाताळणारीला आधीच कळते, ही साधी विनंती कित्येक वर्षांपासून केली जात आहे. त्या सकाळी मला लाल ठिपका एकाच पुडीवर दिसला.

खरे कौशल्य खाली, वर्गवारीत आहे. जुन्या फ्लेक्सच्या तुकड्यावर सुका कचरा ओतला जातो आणि चार हात त्यावर अशा सहजतेने फिरू लागतात की एखादा मुरलेला कारकून टपाल निवडीत असावा. पुठ्ठा एकीकडे, रद्दी दुसरीकडे, काच तिसरीकडे, पत्रा चौथीकडे; दुधाच्या पिशव्या निराळ्या, पाण्याच्या बाटल्या निराळ्या, त्यांची झाकणे आणखी निराळी. पातळ प्लास्टिकचे दोन तुकडे माझ्या डोळ्यांना सारखेच दिसत असता बाईंनी ते दोन वेगळ्या पोत्यांत टाकले, म्हणून मी कारण विचारले. त्यांनी दोन्ही पुन्हा उचलून माझ्या कानाशी चुरगळले आणि म्हणाल्या, "वाजतंय त्याला भाव न्हाई. गप बसतंय त्याला भाव हाय." वाजणारे ते वेफर्सचे पाकीट होते, ज्यात निरनिराळे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवून पुन्हा वापरणे कारखान्यांस सहसा परवडत नाही; गप्प बसणारी ती दुधाची पिशवी, जी वितळवून पुन्हा कामी येते. रसायनशास्त्राचा एक संपूर्ण धडा त्या माउलीने दोन वाक्यांत आणि एका आवाजात शिकवला.

दहा वाजता ओला कचरा ढकलगाडीवर घालून ठरलेल्या ठिकाणी, ज्याला त्या 'फीडर पॉइंट' म्हणतात, महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवला जातो आणि सुका माल भंगाराच्या दुकानी वजनावर जातो. ह्या कामाबद्दल महापालिका त्यांना पगार देत नाही. प्रत्येक घराकडून दरमहा मिळणारे ठरावीक शुल्क आणि भंगाराची विक्री, एवढीच त्यांची मिळकत, आणि ती सर्वस्वी त्यांची. मधे मुकादम नाही, मक्तेदार नाही. कारण ह्या दोघी ज्या संस्थेच्या ओळखपत्रावर काम करतात, त्या 'स्वच्छ सेवा सहकारी संस्थे'च्या त्या नोकर नसून सभासद आहेत.

ही स्थिती आपोआप आली नाही. बाई आईच्या कडेवर बसून मराठवाड्यातून पुण्यास आल्या त्या 1972 च्या दुष्काळात. पुढे कळत्या वयापासून पोते पाठीवर टाकून कचराकुंड्या उपसण्यात, कुत्र्यांशी व पोलिसांशी सारखाच सामना करण्यात त्यांची वीसेक वर्षे गेली. अशा स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना 1993 मध्ये उभी राहिली. पुण्याच्या हमालांची पंचायत बांधणारे आणि 'एक गाव, एक पाणवठा' ही हाक घेऊन खेडोपाडी हिंडलेले डॉ. बाबा आढाव तिच्या मागे होते. आणि एसएनडीटी विद्यापीठातून प्रौढशिक्षणाच्या निमित्ताने ह्या स्त्रियांपर्यंत पोहोचलेल्या पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण तिच्या घडणीत होत्या. पंचायतीची पहिली मागणी मदतीची नव्हती, ओळखीची होती, आणि महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र ही तिची पहिली मोठी कमाई. पुढे 2000 च्या घनकचरा नियमांनी दारोदार संकलन आवश्यक ठरवले, तेव्हा नवे संकट दिसू लागले. घरातला कचरा थेट मक्तेदाराच्या गाडीत पडू लागला, तर कुंडीवर जगणारीने काय करावे? ह्या प्रश्नाचे पंचायतीने दिलेले उत्तर असे की, दारापर्यंत तीच जाईल. काही भागांत प्रयोग झाले, आणि 2008 मध्ये ह्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. आज तिचे सभासद तीन हजारांहून अधिक आहेत, आणि संचालक मंडळात कचरावेचकांचेच बहुमत असते.

सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला साखर कारखाना उभारला, त्यापासून आपल्या ग्रामीण अर्थकारणाचा कणाच सहकाराचा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या कारखान्यांच्या सभासदत्वाची मोजणी उसाने, म्हणजे अखेर जमिनीने होते. ज्याचा कोयता तो ऊस तोडतो, त्याचे नाव सभासदांच्या यादीत नसते. श्रम हेच ज्याचे भांडवल, त्याने आपल्या श्रमाच्या जोरावर मालक व्हावे, ही सहकाराची दुसरी शाखा आपल्याकडे तुलनेने खुरटी राहिली, आणि ती जोमाने वाढलेली पाहायची तर शहराच्या उकिरड्याशी यावे लागते, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

कारण ह्या कामाला एक जुनी छाया आहे. ह्या स्त्रियांतील बहुसंख्य दलित समाजांतल्या. गावगाड्यातही त्यांच्या पूर्वजांची ठरलेली घरे होती, ठरलेले काम होते आणि बलुते म्हणून पदरात पडणारा वाटाही होता; मात्र ते काम जन्माने चिकटलेले, आणि तो वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर. आजही बाई आमच्या इमारतीसह सुमारे तीनशे दारांना 'माझी घरं' असेच म्हणतात. परंतु ह्या घरांच्या मागे करार आहे, शुल्काचा दर आहे, आणि संस्थेच्या बैठकीत हात वर करून दिलेले मत आहे. "मालक कोण म्हणून विचारलं तर काय सांगता?" असे मी सहज विचारले. पोत्याचे तोंड सुतळीने आवळीत त्या म्हणाल्या, "मालक म्हंजी काय, दादा? आमाला न इचारता आमाला कुनी काढू शकत न्हाई, त्येच."

मालकीची ह्याहून नेटकी व्याख्या मला कोणत्याही अर्थशास्त्रीय ग्रंथात आढळलेली नाही. मात्र ही मालकी पुरी निर्वेध आहे असेही नाही. कराराची मुदत संपत आली की नूतनीकरणाची चिंता सुरू होते, आणि यंत्रे व गाड्या घेऊन मक्तेदार दारात उभे असतातच. शिवाय ही मालकी रोज सकाळी तीनशे दारांत नव्याने सिद्ध करावी लागते.

निघताना त्यांनी चोपडी माझ्यापुढे धरली. अक्षर धाकटीचे, कारण वडील बाई अंक ओळखतात पण लिहीत नाहीत. घरांचे क्रमांक, महिने, आणि शुल्क मिळाल्याची खूण. महिन्याची अठरा तारीख होती. एकेचाळीस घरांपुढील रकाने कोरे होते, आणि त्यांतील एक घर माझे होते.