हाडांचा जंतुसंसर्ग : दुखणे अंगावर काढणे धोक्याचे

नाशिक : मूल खेळताना पडते, गुडघ्याजवळ दुखू लागते आणि पाठोपाठ ताप चढतो. 'मुका मार असेल' असे समजून पाय चोळला जातो, लेप लावला जातो आणि उपचारांचे मोलाचे दिवस निघून जातात. अशा वेळी हाडात जंतूंचा शिरकाव झालेला असू शकतो. वैद्यकशास्त्र या विकाराला 'ऑस्टिओमायलिटिस' म्हणते. आरंभीच ओळखला तर तो पूर्ण बरा होतो. हयगय झाल्यास वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही, प्रसंगी अवयव गमावण्याची वेळ येते.

जंतू हाडापर्यंत कसे पोहोचतात?

बहुतेक रुग्णांत 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' हा जंतू आढळतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर तो निरुपद्रवीपणे राहतो. लहान मुलांत तो रक्तावाटे लांब हाडांच्या वाढत्या टोकांशी पोहोचतो. तेथे रक्तप्रवाह संथ असल्याने त्याला ठाण मांडता येते. प्रौढांत मार्ग निराळे असतात. मुंबई-आग्रा महामार्गासारख्या रस्त्यांवरील अपघातांत हाड मोडून त्वचेबाहेर आले, की मातीतील जंतूंना थेट वाट मिळते. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झाल्यास लहानशी जखमही लक्षात येत नाही आणि ती हाडापर्यंत चिघळते. नाशिकसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या रुग्णांत 'साल्मोनेला' जंतूमुळेही हाडे बाधित होतात. क्षयरोगाचे जंतू विशेषतः मणक्यात घर करतात. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या बुरशीने अनेकांच्या जबड्याचे हाड पोखरले होते.

आजार चिवट का?

मऊ भागातील सूज पसरू शकते. कठीण हाडात साचलेल्या पुवाला मात्र जागा नसते. आतील दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तेवढा भाग मृत होतो. औषध रक्तावाटेच जाते. जेथे रक्त नाही, तेथे औषधही पोहोचत नाही. शिवाय मृत हाडावर किंवा शस्त्रक्रियेत बसविलेल्या धातूच्या पट्टीवर जंतू चिकट थर तयार करून स्वतःचे रक्षण करतात. जखम वरून भरली, तरी काही महिन्यांनी पुन्हा पू वाहू लागतो, तो यामुळेच.

निदान आणि उपचार

पहिले १० ते १४ दिवस क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. त्यामुळे 'एक्स-रे चांगला आला' म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. एमआरआय तपासणीत बदल लवकर दिसतात. कोणता जंतू आहे हे कळण्यासाठी रक्ताची, पुवाची अथवा हाडाच्या तुकड्याची तपासणी शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी व्हावी लागते.

प्रौढांना साधारणतः सहा आठवडे प्रतिजैविके दिली जातात. गुंतागुंत नसलेल्या मुलांना बहुधा तीन ते चार आठवडे पुरतात. सर्व औषध शिरेवाटेच हवे, हा समज आता मागे पडला आहे. ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओविवा' अभ्यासात योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेवाटे दिलेल्या औषधाइतक्याच उपयुक्त ठरल्या. मृत हाड असल्यास ते शस्त्रक्रियेने काढावेच लागते. त्यातून उरलेली पोकळी वा कमी झालेली लांबी भरून काढण्यासाठी रशियाचे डॉ. इलिझारोव्ह यांची बाह्य कड्यांची पद्धत वापरली जाते. हाडांच्या क्षयरोगाचे उपचार मात्र वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालतात. शासकीय केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात.

हे लक्षात ठेवा

* तापासह एकाच ठिकाणी हाड दुखत असेल, मूल पाय टेकवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; तो भाग चोळू नका.
* हाड बाहेर आल्यास ते आत ढकलू नका. हळद, माती लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. अशा जखमेत प्रतिजैविक जितके लवकर मिळेल, तितका धोका कमी.
* मधुमेहींनी रोज रात्री तळपाय तपासावेत.
* बरे वाटू लागले, तरी औषधे मध्येच थांबवू नका.