सतरा ध्वनींतला वसंत

जपानच्या परंपरागत पंचांगात वसंताचा आरंभ ४ फेब्रुवारीच्या सुमारास होतो. या दिवसाला ‘रिश्शुन’ म्हणजे वसंतारंभ असे नाव आहे. वस्तुतः त्या वेळी उत्तर जपानात घरांच्या छपरांवर बर्फाचे थर असतात आणि टोकियोतही लोकांच्या अंगावरचे लोकरीचे कपडे उतरलेले नसतात. तरीही परंपरा पाळणारा हायकूकार त्या दिवसापासून थंडीला ‘उरलेली थंडी’ म्हणू लागतो. थंडी तीच असते. पण आता ती हिवाळ्याची राहिलेली नसून वसंतात मागे रेंगाळलेली असते. एका शब्दाच्या फरकाने सारा ऋतू बदलतो. हायकू या जगातील बहुधा सर्वांत लहान काव्यप्रकाराचे मर्म या फरकात आहे.

हायकूत वसंताचे कौतुक भरभरून आहे. मात्र ते विशेषणांनी व उद्गारांनी केलेले नसते. फूल किती सुंदर आहे हे हायकू सांगत नाही. फूल आहे, एवढेच तो सांगतो. उरलेले काम वाचकाच्या स्मरणाने करायचे असते. हे कसे घडते, हे समजण्यासाठी हायकूची घडण थोडी उलगडून पाहावी लागते.

मोजमाप आणि विराम

पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनींचा हायकू असतो, हे सर्वपरिचित आहे. हे ध्वनी म्हणजे आपली अक्षरे नव्हेत. जपानी कवी ज्या एककाने मोजतो, ते मराठी वाचकाला ‘मात्रे’च्या कल्पनेवरून अधिक चांगले कळेल. दीर्घ स्वर दोन वेळा मोजला जातो, शब्दाच्या शेवटचा अनुनासिक ‘न्’ स्वतंत्र धरला जातो. ‘टोकियो’ हे नाव जपानी उच्चारात ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार ध्वनींचे होते. म्हणजे सतरा ध्वनींत फार तर पाच-सात शब्द मावतात.

इतक्या थोडक्या जागेत हायकू दोन गोष्टी सांभाळतो. पहिली ‘किरेजी’, म्हणजे छेद देणारा शब्द. ‘या’, ‘काना’, ‘केरी’ यांसारखे हे शब्द अर्थापेक्षा विरामाचे काम करतात. त्यांच्यामुळे कवितेचे दोन तुकडे होतात आणि त्या दोहोंमधील मोकळी जागा वाचकाने भरायची असते. दुसरी गोष्ट ‘किगो’, म्हणजे ऋतूचा शब्द.

किगोचे मूळ हायकूच्या जन्मकथेत आहे. अनेक कवींनी एकत्र बसून एकामागून एक कडवी रचण्याचा ‘रेंगा’ हा प्रकार जपानात शतकानुशतके चालत आला होता. त्याच्या पहिल्या कडव्याला ‘होक्कू’ म्हणत. मैफल कोणत्या ऋतूत भरली आहे, याची नोंद होक्कूने करावी, असा संकेत होता. पुढे मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याने या पहिल्या कडव्याला स्वतंत्र कवितेची उंची दिली. त्याला ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मैफल मागे पडली, पण ऋतू नोंदवण्याचा संकेत टिकून राहिला.

बेडूक, धूसरता आणि झोपाळा

ऋतूंचे हे शब्द ‘साइजिकी’ नावाच्या कोशांत संकलित केलेले असतात. वसंत विभागात ‘उमे’ हा प्लम वृक्षाचा मोहोर, चेरीची फुले, विलोची पालवी, पाकोळी, फुलपाखरू व चंडोल हे अपेक्षितच आहेत. पण अनेक नोंदी परक्या वाचकाला बुचकळ्यात टाकतात. नुसता ‘चंद्र’ म्हटला की तो शरदाचा. वसंताचा चंद्र हवा असेल तर तो ‘धूसर चंद्र’ म्हणावा लागतो. हवेत पसरणारे धुके वसंतात ‘कासुमी’ असते, तर शरदात त्यालाच ‘किरी’ म्हणतात. झोपाळा वसंताचा, कारण प्राचीन चीनमध्ये वसंतातील एका सणाला झोके घेण्याची रीत होती आणि ती चिनी काव्यातून जपानी काव्यात आली. मोहरीच्या जातीच्या पिवळ्या फुलांची शेतेही वसंताची. योसा बुसोन (१७१६–१७८४) या चित्रकार कवीच्या काळात ओसाका-क्योतो परिसरात दिव्याच्या तेलासाठी हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाई. बुसोनच्या हायकूंतील पिवळा रंग असा शेतकऱ्याच्या घामातून आलेला आहे.

बेडूक हाही वसंताचाच. बाशोची १६८६ मधील बेडकावरील रचना जगातील सर्वांत प्रसिद्ध हायकू मानली जाते. तिचे नावीन्य आज सहजी जाणवत नाही. त्याआधी दरबारी काव्यात बेडूक यायचा तो त्याच्या आवाजासाठी, आणि त्याच्या जोडीला ठरल्याप्रमाणे पिवळ्या फुलांचे ‘यामाबुकी’ झुडूप असायचे. शिको या शिष्याने लिहून ठेवल्याप्रमाणे, पहिल्या ओळीसाठी किकाकु या दुसऱ्या शिष्याने यामाबुकीच सुचवले होते. बाशोने ते नाकारले व एक जुने, साधे तळे निवडले. त्याचा बेडूक गातही नाही, तो उडी मारतो. ऋतूचा शब्द परंपरेचा, पाहणे मात्र स्वतःचे, हा धडा बाशोने या एका रचनेतून घालून दिला.

ओमीचा वसंत

ऋतूचा शब्द ही केवळ औपचारिकता आहे काय? या प्रश्नाचे उत्तर बाशोच्या शिष्यवर्गातील एका वादात सापडते. बिवा सरोवराकाठच्या ओमी प्रांतात तेथील स्नेह्यांसह सरत्या वसंताला निरोप देण्याविषयी बाशोने एक होक्कू रचला होता. शोहाकू या शिष्याने त्यावर आक्षेप घेतला. ‘ओमी’ऐवजी ‘तांबा’ प्रांत आणि ‘सरता वसंत’ऐवजी ‘सरते वर्ष’ घातले तरी कविता तशीच राहील, असे त्याचे म्हणणे होते. बाशोने क्योराई या शिष्याला त्याचे मत विचारले. क्योराईने आक्षेप अमान्य केला. सरोवरावर धूसर हवा दाटते, म्हणून वसंत सरताना जी हुरहूर वाटते ती ओमीतच वाटू शकते; वर्षअखेर माणूस ओमीत असेल तर ही हुरहूर त्याच्या मनात कशी येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. बाशोला हे उत्तर मनापासून आवडले. प्राचीन कवींनीही या प्रांतातील वसंतावर राजधानीतल्या वसंताइतकेच प्रेम केले, अशी पुस्ती त्याने जोडली. हा प्रसंग क्योराईच्या टिपणांत नोंदलेला आहे.

या वादात हायकूचे सारे काव्यशास्त्र सामावले आहे. चांगल्या हायकूतील शब्द बदलता येत नाही, कारण तो एका विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी कोणी तरी खरोखर अनुभवलेला असतो. त्याच जागी पूर्वी उभ्या राहिलेल्यांची आठवणही त्या शब्दात असते. १६८८ च्या वसंतात बाशो चेरीच्या फुलांसाठी ख्यातनाम असलेल्या योशिनोच्या डोंगरावर गेला. तेथे तीन दिवस राहूनही, पूर्वसूरींच्या स्मरणाने भारावल्यामुळे, आपल्याला कविता सुचली नाही असे त्याने प्रवासवर्णनात नमूद केले. न सुचणे हीसुद्धा वसंताला दिलेली दादच होती.

इस्साचा वसंत

वसंत म्हणजे निखळ आनंद, ही समजूत कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) याच्या आयुष्याकडे पाहिले की टिकत नाही. आजच्या नागानो प्रांतातील काशिवाबारा हे त्याचे गाव अतिबर्फाच्या प्रदेशातले. तेथे बर्फ हे सौंदर्य नव्हे, संकट असे. घरे महिनोन्‌महिने झाकोळून जात. म्हणूनच इस्साच्या हायकूंत बर्फ वितळते तेव्हा मुलांचा गलका ऐकू येतो. तो सुटकेचा आवाज आहे.

इस्साची आई तो अगदी लहान असताना वारली. सावत्र आईशी न पटल्याने किशोरवयातच त्याला एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला पाठवण्यात आले. वडिलांच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा अनेक वर्षे चालला. पन्नाशीत तो गावी परतला, त्याने लग्न केले. पण या पत्नीची चारही मुले बालपणीच दगावली. १८१९ मध्ये सातो ही लाडकी मुलगी देवीच्या साथीत गेली. त्याच वर्षाची हकिकत सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकाचे नाव ‘ओरागा हारू’, म्हणजे ‘माझा वसंत’, असे आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. या नावात उपहास नाही. जसा वाट्याला आला तसा वसंत आपला म्हणणे, एवढाच त्याचा अर्थ. चिमण्या, माश्या, बेडूक यांच्याशी इस्सा ज्या आपुलकीने बोलतो, ती पोरकेपण भोगलेल्या माणसाची आपुलकी आहे.

पंचांग बदलले, आता हवामान

ऋतूच्या शब्दांना पहिला मोठा धक्का बसला तो १८७३ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीपासून जपानने जुने चांद्र-सौर पंचांग सोडून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली. जुन्या गणनेत नववर्ष आणि वसंत जवळपास हातात हात घालून येत. नव्या गणनेत नववर्ष ऐन हिवाळ्यात जाऊन पडले. शुभेच्छापत्रांवर आजही ‘नवा वसंत’ छापतात, पण साइजिकीत नववर्षासाठी चार ऋतूंखेरीज पाचवा विभाग करावा लागला. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी येणारा बाहुल्यांचा सण हा पीचच्या फुलांचाही सण होता. आता तो ३ मार्चला साजरा होतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी बागेतले पीच फुललेले नसते.

दुसरा धक्का आजचा आहे. क्योतोमध्ये चेरी कधी पूर्ण बहरली याच्या नोंदी दरबारी रोजनिश्या व मठांतील कागदपत्रांतून थेट इसवी सन ८१२ पर्यंत मागे नेता येतात. ही जुनी नोंद ‘यामाझाकुरा’ या डोंगरी चेरीची आहे. बाशो-बुसोन यांनी पाहिलेली चेरी प्रामुख्याने हीच. तिची फुले व तांबूस पालवी एकत्र येतात आणि प्रत्येक झाड आपल्या वेळेने फुलते. शहरांतून आज एकाच वेळी बहरणारी ‘सोमेई योशिनो’ ही जात एदो काळाच्या अखेरीनंतर पसरली. कलमांनी वाढवलेली ही झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असल्याने ती जणू एका इशाऱ्यावर फुलतात. २०२१ मध्ये क्योतोतील बहर २६ मार्चलाच आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत तोपर्यंत इतक्या लवकर तो कधीही आला नव्हता. आधीचा विक्रम १४०९ मधील होता.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. जपानची हवामानशास्त्र संस्था १९५३ पासून देशभर ऋतुचिन्हांची एकसूत्री नोंद ठेवत होती. उगुइसू या गाणाऱ्या पक्ष्याची पहिली तान, पहिली पाकोळी, पहिला चंडोल, पहिला बेडूक असे ३४ वनस्पतींचे व २३ प्राण्यांचे निरीक्षण केले जाई. केंद्रांभोवतीचे पर्यावरण बदलल्याने हे जीव दिसेनासे झाले, असे कारण देऊन जानेवारी २०२१ पासून प्राण्यांच्या सर्व नोंदी थांबवण्यात आल्या. वनस्पतींपैकी सहाच राहिल्या. पुढे राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने नागरिकांच्या मदतीने ही निरीक्षणे चालू ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. साइजिकीतील वसंताचे पक्षी आणि हवामान खात्याच्या यादीतून वगळलेले पक्षी यांत कितीतरी नावे सामायिक आहेत.

अर्थात साइजिकी हा मृत कोश नाही. युद्धोत्तर काळात लावलेल्या सुरूसदृश ‘सुगी’ वृक्षांच्या परागांमुळे होणारी शिंकांची व्याधीही आता वसंताचा शब्द म्हणून त्यात दाखल झाली आहे. ऋतू बदलतो तसे शब्द बदलतात. प्रश्न उरतो तो ज्यांचा ऋतूच हरवत चालला आहे, अशा शब्दांचा.

मराठीच्या अंगणात

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१६ च्या जपान प्रवासानंतर बाशोला बंगालीत आणले. मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय आचार्य अत्रे यांच्या कन्या, कवयित्री शिरीष पै (१९२९–२०१७) यांच्याकडे जाते. त्यांनी सतरा ध्वनींचे बंधन आग्रहाने पाळले नाही. तीन ओळी आणि क्षणाचे भान त्यांनी घेतले. हे सयुक्तिकच होते. चेरीचे फूल भाषांतरित करता येते, त्यामागची हजार वर्षांची आठवण भाषांतरित होत नाही. मराठी हायकूला आपली चैत्रपालवी आणि आपला वळीव यांतूनच ऋतूचे शब्द मिळवावे लागतात.

बाशोच्या परंपरेने दिलेला वसंत हा म्हणूनच सजावटीचा विषय नव्हे. ती एक सवय आहे: आज पहिली पाकोळी दिसली, आज पहिला बेडूक ओरडला, हे लक्षात ठेवण्याची. सरकारी नोंदवही बंद झाली तरी ही सवय असलेला माणूस दरवर्षी पाकोळीची वाट पाहतो. ती आली तर सतरा ध्वनींत सांगतो. आणि नाही आली, तर ते सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते.